दगड नको, टेंभा नको: बंद गाडीमागे दिवे असे ठेवा

मी नाशिक-वाशी भाजीची पिकअप चालवतो. संध्याकाळी पंचवटीतल्या बाजार समितीत लिलाव झाला की कोथिंबीर-मेथी भरायची आणि रात्रीतूनच कसारा घाट उतरायचा. एका आषाढात घोटीच्या पुढे मागचं चाक फुटलं. पाऊस आणि दाट धुकं. सगळे करतात तेच आम्ही केलं: पाच-सहा दगड मागे मांडले, वर झाडाची फांदी टाकली. स्टेपनी लावली आणि निघालो. कसाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं, दगड रस्त्यावरच राहिले. अंधारात कुणी दुचाकीवाला त्यावर गेला असता तर? ते मला आजही बोचतं. त्याच आठवड्यात मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून चार एलईडी चकत्या आणल्या, म्हणजे रस्त्यावर ठेवायचे चपटे, उघडझाप करणारे दिवे.

डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याचा टेंभा मी लहानपणापासून पाहिलाय. अमेरिकेत त्याच कामाला लाल ज्योतीची फ्लेअर कांडी वापरतात. तो लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षाराचा. पण ती कांडी साधारण 15 ते 30 मिनिटंच जळते, वितळलेले निखारे गाळते, आणि टाकी गळत असेल तर तीच आग लावते. एलईडीत ज्योतच नाही, पावसात विझायचा प्रश्न नाही.

घेताना चकती हातात धरून बघा. रबराची कड हवी, मागे चुंबक हवं. आयपी 67 लिहिलेलं असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते, आपल्या पावसाला तेवढं पुरे. रंग लाल किंवा पिवळसर घ्या. निळा नको, तो पोलिसांसाठी सोडा.

खरी गोची सेलची. वर्षभर न वापरलेली चकती मी उघडली तर साधे सेल गळून स्प्रिंगवर पांढरी पूड धरली होती. लिंबाचा रस लावून चिंधीने पुसली तेव्हा कुठे पेटली. म्हणून साधे सेल वेगळ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, किंवा 1.5 व्होल्टचे लिथियम सेल घाला. ते सहसा गळत नाहीत. चार्जिंगवाली चकती नुसती पडूनही हळूहळू उतरते. मी दर अमावस्येला गाडीला नवं लिंबू-मिरची बांधतो, त्याच दिवशी दिवे चार्जिंगला लावतो.

आता गाडी बंद पडली की काय करायचं. चारही इंडिकेटर, हँडब्रेक, चाकाला ठोकळा. माणसं डावीकडून उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे. जॅकला हात लावायच्या आधी चकती पेटवून हातात घ्या आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेकडेने मागे चालत जा.

किती मागे? 80 च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते, म्हणजे 100 मीटर साडेचार सेकंदात संपले. माझी 130 पावलं म्हणजे साधारण 100 मीटर. सरळ रस्त्यावर पहिला दिवा तिथे, अगदी कडेला. बाकीचे गाडीकडे येताना तिरक्या रेषेत, थोडे थोडे आत, म्हणजे ड्रायव्हर आपोआप बाजूला सरकतो. घाटात मात्र पावलं मोजू नका. वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यातून दिसेल तिथे पहिला दिवा ठेवा. गाडीमागे ठेवायच्या लाल परावर्तक त्रिकोणावर हेडलाइट पडल्याशिवाय तो चमकत नाही, त्यामुळे वळणापलीकडून तो दिसणारच नाही. तरीही त्रिकोण लावाच, चकत्यांच्या जोडीला.

पावसात रस्त्यावरची चकती चाकांच्या तुषारात झाकोळते. तेव्हा ती कठड्याच्या खांबाला चिकटवा, चुंबक त्यासाठीच आहे. सगळ्या चकत्या गाडीच्या फाळक्यावर चिकटवणारे मी पाहिलेत. त्याने समोरच्याला एक मीटरही जास्त मिळत नाही. उघडझाप संथ ठेवा, डोळ्यांवर तिरीप नको.

मग फोन: राष्ट्रीय महामार्गावर 1033, कुणाला लागलं असेल तर 108.

निघताना कठड्याच्या आतून जाऊन दिवे गोळा करा. बायकोने मला जुन्या रेक्झिनची पिशवी शिवून दिलीय, चार कप्प्यांची. एक कप्पा रिकामा दिसला तर गाडी हलत नाही.