आपण निवडून दिलेल्या माणसाचा ताळा कसा घ्यायचा

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि टॉवेलच्या एका कारखान्यात गेली २७ वर्षं हिशेब लिहिते. आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या बाजूला आणि कुलूप लावायच्या आधी ताळा, एवढंच माझं रोजचं काम. आमदार, खासदार, नगरसेवक यांच्या बाबतीतही मी हळूहळू तेच करायला लागले. लाचेचं पाकीट कुणी कुणाला दिलं ते आपल्याला दिसत नाही. पण या माणसाचं घर कशावर चालतं हे एका सरकारी कागदावर असतं, आणि त्यानं सभागृहात काय विचारलं, कोणत्या कामाची शिफारस केली, हे दुसऱ्या कागदावर असतं. हे दोन कागद शेजारी ठेवायचे आणि तारखा बघायच्या. सगळी रीत यातच आली.

हे माझ्या डोक्यात भरलं ते अम्मामुळे, म्हणजे माझ्या आईमुळे. अम्मानं ४० वर्षं बिड्या वळल्या. पान भिजवायचं, कातरीनं कापायचं, सूप मांडीवर घेऊन हजार बिड्या पुऱ्या करायच्या आणि कारखान्यात छाट, म्हणजे नापास केलेल्या बिड्या, किती निघतेय याची धास्ती घेऊन उभं राहायचं. २०१५ साली गल्लीत निरोप आला, की बंडलावरचं रोगाचं चित्र मोठं होणार, मग बिडी खपणार नाही आणि काम जाणार. अम्मा त्या दिवसाची मजुरी सोडून मोर्चाला गेली. तिची भीती खरी होती. तिच्या वयाच्या बाईला दुसरं काम कोण देणार होतं?

त्याच सुमारास दिल्लीत काय चाललं होतं ते मी नंतर वाचलं. तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं झाकायचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या दुय्यम विधानविषयक समितीनं, म्हणजे सरकारनं केलेले नियम तपासणाऱ्या समितीनं, तो थांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूनं कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असं ते म्हणाले. आणि त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता बसले होते, ज्यांचा स्वतःचा बिडीचा मोठा व्यवसाय होता. तो त्यांनी लपवलाही नव्हता. नियम लांबला आणि शेवटी १ एप्रिल २०१६ ला लागू झाला.

अम्माला कुणी सांगितलं नव्हतं, की ज्या टेबलावर तिच्या नावानं बोलणं चाललंय तिथे बिडीचा मालकच बसलाय. मोर्चात चेहरे पुढे होते ते बिडी वळणाऱ्या बायकांचे. तेव्हापासून कोणतंही निवेदन वाचताना मी आधी बघते, की बोलणारा कुणाच्या नावानं बोलतोय आणि फायदा कुणाच्या खात्यात जमा होणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. मागणी घेऊन आमदाराकडे जाणं गुन्हा नाही. यंत्रमागधारकांचं शिष्टमंडळ वीजदरात सवलत मागायला मुंबईला जातं, बिडी कामगारांच्या संघटना घरकुलं मागतात, तो त्यांचा हक्क आहे. ते उघड्यावर होतं, निवेदनावर सह्या असतात. अडचण येते ती मागणी कुणाची आणि बदल्यात काय दिलं हे लपवलं जातं तेव्हा. सरकारकडे कोण कुणासाठी रदबदली करतं याची नोंद ठेवायला लावणारा कायदा आपल्या देशात नाही. म्हणून ती नोंद आपल्याला तुकडे जुळवून करावी लागते.

पहिला कागद: शपथपत्र

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे शपथेवर सांगावे लागतात. आमदार-खासदारांचा हा नमुना २६ निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. महापालिकेच्या उमेदवारांचं शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाकडे असतं.

लोक एकूण संपत्तीचा आकडा बघतात, चिडतात आणि कागद मिटतात. तसं करू नका. विजापूर रोड, होटगी रोडच्या जमिनींचे भाव कसे चढले ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या जमिनीची किंमत वाढली म्हणून कुणी चोर ठरत नाही. एकाच माणसाची लागोपाठच्या दोन निवडणुकांची शपथपत्रं घ्या आणि मधल्या पाच वर्षांत नवीन काय आलं तेवढंच वहीत उतरवा: नवा प्लॉट, नव्या कंपनीचे शेअर, कुणाला दिलेलं कर्ज, कुणाकडून घेतलेलं कर्ज. कर्जाच्या रकान्याकडे मी सगळ्यात जास्त वेळ बघते. व्यापाऱ्याकडून बिनव्याजी घेतलेलं 'हातउसनं' तिथेच सापडतं.

२०१८ च्या लोकप्रहरी खटल्याच्या निकालानंतर उत्पन्नाचा स्रोतही सांगावा लागतो आणि सरकारी कंत्राटांसाठी वेगळा रकाना आहे. उमेदवार, जोडीदार, अवलंबित, अविभक्त कुटुंब, भागीदारीतल्या फर्म, सगळ्यांची कंत्राटं तिथे आली पाहिजेत. मात्र भाऊ, मेहुणा, जावई आणि वेगळा राहणारा कमावता मुलगा यांची नावं त्या कागदावर येत नाहीत. त्यासाठी कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून संचालक कोण आहेत आणि कंपनी कधी नोंदली ते पाहा. नोंदणीची तारीख हमखास लिहून ठेवा, पुढे तीच कामाला येते.

शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा कागद: सभागृहातले प्रश्न

लोकसभा आणि राज्यसभेत कोणत्या सदस्यानं कोणता प्रश्न विचारला ते संसदेच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं. विधिमंडळाचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात.

प्रश्न विकले जाणं ही आजची गोष्ट नाही. १९५१ साली हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी प्रश्न विचारले. चौकशी समिती बसली, काढून टाकण्याचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला, आणि मतदानाआधी मुदगलांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नासाठी पैसे घेताना ११ खासदार सापडले, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १, आणि सगळ्यांची हकालपट्टी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये महुआ मोइत्रा यांना लोकसभेतून काढलं, ते संसदेच्या संकेतस्थळाचं लॉगिन एका उद्योजकाला दिल्याच्या मुद्द्यावर. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला आणि २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या.

सोलापूरच्या खासदारानं चादरीवर, उजनीवर, बिडी कामगारांच्या भविष्य निधीवर प्रश्न विचारला तर ते त्याचं कामच आहे. वहीत वेगळी खूण करायची ती अशा प्रश्नावर, ज्याचा आपल्या मतदारसंघाशी संबंध लागत नाही, जो एकाच कंपनीबद्दल किंवा तिच्या स्पर्धकाबद्दल पुन्हा पुन्हा येतो. खूण करायची, निष्कर्ष काढायचा नाही. शपथपत्रातून उतरवलेल्या नावांशी तो प्रश्न जुळतो का ते बघायचं. निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायच्या रोख्यांची, यादीही हाताशी ठेवा. १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयानं रोखे घटनाबाह्य ठरवल्यावर कोणत्या कंपनीनं कोणत्या पक्षाला किती दिलं ते मार्च २०२४ मध्ये जाहीर झालं. २० हजारांवरच्या इतर देणग्यांचे पक्षांचे वार्षिक अहवाल निवडणूक आयोगाकडे असतात.

गल्लीतलं काम: इथेच जास्त वेळ द्या

दिल्लीचा कागद वाचून आपण फार तर पत्र लिहू. गल्लीतलं गटार आपण टेपनं मोजू शकतो.

खासदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. आमदारांचाही असा निधी असतो. आमदार निधीचे कागद जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन विभागात, महापालिकेचे तिच्या इंद्रभुवन या मुख्य इमारतीत, गावाकडचे जिल्हा परिषदेत. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमात अर्जाचा विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांत बसायला हवा.

माझा पहिला अर्ज वाया गेला. आमच्या भागातल्या एका ड्रेनेज लाइनबद्दल मी लिहिलं होतं, "काम निकृष्ट का झाले व जबाबदार कोण?" उत्तर आलं, की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. चूक माझीच होती. 'का' हा शब्द अर्जात घालायचाच नाही. कार्यालयात कागद असतात, म्हणून कागदच मागायचा. दुसऱ्यांदा मी असं लिहिलं, तुम्ही हेच उतरवून घ्या:

"अमुक गल्लीतील अमुक कामासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: (१) कामाची शिफारस करणारे लोकप्रतिनिधींचे पत्र, (२) मंजूर अंदाजपत्रक, (३) प्राप्त निविदांचा तुलनात्मक तक्ता, (४) कार्यारंभ आदेश, (५) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, (६) अदा केलेल्या देयकांच्या प्रती."

पानाला २ रुपये प्रमाणे ६४ पानांचे १२८ रुपये भरले. मोजमाप पुस्तिकेत लाइन १४० मीटर होती. शेजारच्या यंत्रमाग कामगाराला घेऊन मी रविवारी टेप धरली, तर ९२ मीटरवर गल्लीच संपते. मग शिफारसपत्राची तारीख बघितली आणि ठेकेदार फर्मच्या नोंदणीची तारीख बघितली. मध्ये फक्त १९ दिवस. फर्मचा पत्ता म्हणजे ज्यांनी काम सुचवलं त्यांच्या नातेवाइकाचं दुकान.

मी कुणावर काहीच आरोप केला नाही. मोजमाप पुस्तिकेचं पान, आमच्या मोजणीचा कागद (पाच शेजाऱ्यांच्या सह्यांसह) आणि दोन्ही तारखा जोडून पत्र दिलं, पोच घेतली. सात महिन्यांनी फरकाची रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून वळती केल्याचं उत्तर आलं. नातेवाइकाच्या दुकानाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. ते अजून मी सोडलेलं नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. माहिती देण्यात विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. माझ्या ओळखीतली चांगली प्रकरणं मेलीत ती मुदत चुकल्यामुळे.

कारखान्यातून रजा काढायला जमत असेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ कार्यालयात जा. जिल्हा कार्यालयं आणि स्थानिक संस्थांमध्ये या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा २०१८ चा आदेश आहे. फाइल आधी बघितली की नेमकी कोणती पानं मागायची ते कळतं आणि पैसे वाचतात.

तक्रार कुणाकडे

आधी त्या लोकप्रतिनिधीलाच लेखी विचारा. १५ दिवस द्या. काही वेळा खुलासा खरा असतो.

पैसे मागितल्याचा किंवा घेतल्याचा पुरावा असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा, क्रमांक १०६४. लोकप्रतिनिधीही लोकसेवकच असतो. सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तरी विशेषाधिकाराचं संरक्षण मिळणार नाही, हे ४ मार्च २०२४ ला सात न्यायाधीशांच्या पीठानं १९९८ चा निकाल फिरवून सांगितलं. नगरसेवकाचा पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम १० वाचा, त्यावर पद जाऊ शकतं. कारभारातल्या तक्रारीसाठी लोकायुक्त आहेत.

व्हॉट्सॲपवर नाव घेऊन काही टाकू नका. बदनामीचा खटला लागला की कागद बाजूला राहतात आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढत बसता. कार्यालयात एकट्यानं जाऊ नका. मूळ कागद घरी, हातात झेरॉक्स.

अम्मा आता ७४ वर्षांची आहे. सुपाची सवय अजून गेलेली नाही, मांडीवर काहीतरी घेऊनच बसते. मी रात्री शपथपत्रं पसरली की विचारते, "काय शोधायलीस गं एवढं?" गेल्या पावसाळ्यात मी एका आमदाराचे कागद तीन महिने तपासत होते. दोन शपथपत्रं, विधानसभेतले सगळे प्रश्न, निधीतली ११ कामं. त्यातली चार मी स्वतः जाऊन मोजली. सगळं जुळलं. गल्लीतल्या ज्या बायकांनी मला संशय सांगितला होता, त्यांच्या दारी जाऊन मी तेही सांगितलं आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यातल्या दोघींनी आता आपल्या प्रभागातला एक रस्ता धरलाय.