लुसिटानिया आणि माझे साडेतीन मार्क

स्पर्धा परीक्षेसाठी हिस्ट्री ऑप्शनल घेतलं त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. टेस्टमध्ये 15 मार्कांचा प्रश्न आला, अमेरिका तटस्थता सोडून पहिल्या महायुद्धात का उतरली. मला वाटलं लॉटरीच लागली. शाळेपासून पाठ होतं ना, जर्मन पाणबुडीने लुसिटानिया बुडवली, अमेरिकन माणसं मेली, अमेरिका चिडली आणि उतरली. दोन पानं भरून टाकली. पेपर हातात आला तर साडेतीन मार्क आणि कडेला लाल पेनने लिहिलेलं, "लुसिटानिया मे 1915, युद्धघोषणा एप्रिल 1917. मधली दोन वर्षं काय झोपली होती का अमेरिका?"

राग आला, पण चहा पिऊन आल्यावर पटलं. वर्ल्ड हिस्ट्री नव्याने सुरू करणाऱ्यांना मी तेव्हापासून हेच सांगतो, कारणांची यादी नंतर करा, आधी तारखांमधली गॅप बघा.

मी काय केलं, अभ्यासिकेत एका कोऱ्या पानावर आडवी रेघ मारली, डाव्या टोकाला ऑगस्ट 1914, उजव्या टोकाला 6 एप्रिल 1917, रेघेच्या वर जर्मनीने काय केलं ते आणि खाली अमेरिकेने त्याला काय उत्तर दिलं ते. लुसिटानियावर जवळपास 1,200 माणसं गेली, त्यात 128 अमेरिकन, आणि रेघेखाली काय, तर खलिते! राष्ट्राध्यक्ष विल्सनचे खलिते. तेही परराष्ट्रमंत्री ब्रायनला इतके कडक वाटले की त्याने जून 1915 मध्ये राजीनामा दिला. 1916 मध्ये ससेक्स या फ्रेंच प्रवासी बोटीवर जर्मन पाणबुडीचा हल्ला झाल्यावर अमेरिकेने संबंध तोडायची धमकी दिली तर जर्मनीने चक्क माघार घेतली, इशारा न देता व्यापारी बोटी बुडवणार नाही म्हणून शब्द दिला. म्हणजे तटस्थता चालत होती की! त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्सन पुन्हा निवडून आला, आणि प्रचार कसला होता, तर 'यानेच आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं'. पाचच महिन्यांत हाच माणूस काँग्रेससमोर उभा राहून युद्ध मागतो. आता खरा प्रश्न दिसतो, या पाच महिन्यांत झालं काय?

इथे मी दुसऱ्यांदा आपटलो. पुढच्या टेस्टला लिहिलं की बँकवाल्यांनी युद्ध लावून दिलं. आकडे तसे मोहात पाडणारेच आहेत, ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे जर्मनीशी व्यापार जवळजवळ बंद पडला, दोस्त राष्ट्रांशी (ब्रिटन, फ्रान्स वगैरे) मात्र धो धो वाढला, 1914 मध्ये याच ब्रायनने कर्ज देणं तटस्थतेत बसत नाही म्हटलं होतं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटन-फ्रान्सला 50 कोटी डॉलरचं कर्ज गेलं. एप्रिल 1917 पर्यंत दोस्तांकडे अंदाजे 230 कोटी डॉलर आणि जर्मनीकडे फक्त 2.7 कोटी. कागदावर तटस्थ, पण गल्ला एकाच पेठेत. पण सरांनी विचारलं, पैसा तर 1916 मध्येही अडकलेला होता, मग तेव्हा का नाही उतरले? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर अमेरिकेत सापडतच नाही, ते बर्लिनवाल्यांच्या हिशोबात आहे. 9 जानेवारी 1917 ला प्लेस या गावातल्या जर्मन लष्करी मुख्यालयात कैसरसमोर, म्हणजे जर्मन सम्राटासमोर, बैठक झाली. नौदलप्रमुख होल्त्सेंडॉर्फचं गणित असं की महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली तर ब्रिटन पाच महिन्यांत उपाशी पडून गुडघ्यावर येईल. अमेरिका उतरेल हे त्यांना कळत होतं बरं का, पण तिचं सैन्य तयार होऊन युरोपात पोचेपर्यंत खेळ संपलेला असेल असा जुगार होता. आणि पैशाचा मुद्दा बसतो तो इथे, अमेरिकेचा माल आणि कर्ज तसंही शत्रूलाच मिळतंय, तर ती तटस्थ राहून आपला फायदा काय, असं जर्मनीला वाटायला लागलं. 1 फेब्रुवारीपासून पाणबुड्या मोकाट, 3 तारखेला विल्सनने संबंध तोडले. पण युद्ध नाही! अजूनही नाही.

मग जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार, माझा सगळ्यात आवडता भाग. जर्मनीने मेक्सिकोला ऑफर दिली की अमेरिकेशी युद्ध झालंच तर आमच्या बाजूने या, टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवायला मदत करतो. आणि ही तार पाठवली कशावरून, तर शांततेच्या बोलणीसाठी अमेरिकेने वापरू दिलेल्या अमेरिकेच्याच लाईनवरून. ब्रिटिशांनी ती मधेच पकडून फोडली, 1 मार्चला पेपरात छापून आली, आणि लोक खोटी आहे म्हणत असतानाच 3 मार्चला झिमरमनने स्वतःच कबूल केलं की हो, मीच पाठवली. काय बोलणार! मार्चच्या मध्यात आणखी अमेरिकन बोटी बुडाल्या, दोस्तांच्याच बाजूच्या रशियात एकाधिकारशाही चालवणारा झार गेला त्यामुळे 'लोकशाहीसाठी लढा' म्हणायची अडचणही गेली. 2 एप्रिलला भाषण, सिनेटात 82 विरुद्ध 6, खालच्या सभागृहात 373 विरुद्ध 50, त्या 50 मध्ये काँग्रेसमधली पहिली बाई जेनेट रँकिन.

जाता जाता एक, ही तटस्थता आपल्याकडच्या लोकांनाही भोवलीय. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे ज्या गदर चळवळीतून (अमेरिकेतल्या भारतीयांची ब्रिटिशांविरुद्धची क्रांतिकारी चळवळ) अमेरिकेहून परत आले आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला फासावर गेले, त्याच गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत 1917 च्या शेवटी खटला उभा राहिला, आणि आरोप काय, तर अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग. तोपर्यंत अमेरिका स्वतःच युद्धात होती!

रेघेची प्रॅक्टिस करायची असेल तर पुढची इटली घ्या. 1882 पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात, 1914 ला तटस्थ, 26 एप्रिल 1915 ला लंडनमध्ये गुप्त करार, 23 मे ला ऑस्ट्रियाविरुद्धच युद्ध. तिथे रेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे सौदेबाजीच लिहावी लागते, आणि पान लवकर भरतं.