ड्यूटी संपली, तरी वॉर्डातच?

नवीन स्टाफ नर्सला पहिले काही महिने वेळेवर निघता येत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे लॉकरपाशी रडू आलं तर 'मलाच जमत नाही' असं वाटणार नाही. वेग येतो. पण उशिरा-उशिरात फरक असतो.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवताना, पेशंट कोसळला, तुमच्या जागी येणारी रिलीव्हर आली नाही, शेवटच्या अर्ध्या तासात अ‍ॅडमिशन आली, हा उशीर तुमच्या हातात नाही. थांबा, पण इन्चार्जना सांगा आणि जादा वेळ लिहून घ्या. लिहिलं नाही तर वरच्यांना वॉर्ड तेवढ्याच माणसांत मस्त चाललाय असंच दिसतं.

दुसरा उशीर 'आधी कामं उरकू, लिहायचं ते शेवटी निवांत' यातून येतो. मला शिकवलं होतं ते हेच, आणि त्यात मी बरीच अडकले. म्हणून जरा लांबण लावते.

समजा, जेवणाआधीची शुगर तीनशेच्या वर आली आणि पावणेआठला तुम्ही रेग्युलर इन्सुलिन दिलं. सही करणार तेवढ्यात शेजारच्या बेडची ड्रिप थांबली. सही राहिली. आठला ओव्हर दिली, त्यात तो डोस सांगायचा राहिला. आता तुम्ही स्टेशनच्या मागे बसून दुसऱ्याच पेशंटच्या नोट्स लिहिताय. इकडे नाईटची सिस्टर चार्ट उघडते. रकाना कोरा. ती शहाणी आहे, म्हणून शुगर पुन्हा बघते. ती अजून वरच, कारण या इन्सुलिनचा खरा जोर दोन ते चार तासांनी येतो. ती डोस देते. तिनं काहीच चुकीचं केलेलं नाही. पेशंटची शुगर कोसळेल ती रात्री, वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर, आणि घाम फुटला तरी तो झोपलाय असंच वाटेल. तुम्ही त्याच्यापासून दहा पावलांवर बसला होतात.

म्हणून औषध, इन्सुलिन, रक्त आणि चालू ड्रिप यांची सही झाल्याशिवाय बेड सोडायचा नाही. बाकीच्या नोट्स मागे राहिल्या तरी चालतील. उशिरा लिहिताना लिहितानाची वेळ टाका आणि काम कधी झालं ते वेगळं नमूद करा. दोन ओळींच्या मधे कोंबू नका.

कुणीतरी आधीच सह्या करून ठेवायची युक्ती शिकवेल. अजिबात शिकू नका. पेशंटला उलटी झाली किंवा डॉक्टरांनी औषध थांबवलं, की ती सही खोटी ठरते आणि जाब तुम्हालाच विचारतात.

'मी कधी वेळेवर घरी गेलेच नाही' असं मिरवणाऱ्या सीनियर प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांचा मान ठेवा, पण काम शिकायचं तर जिच्या ड्रिपवर लेबल असतं आणि जी वेळेवर निघते तिच्या मागे राहा. २००४ साली अमेरिकेत ३९३ नर्सेसच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेबारा तास किंवा जास्त काम झालेल्या पाळीत चुकीची शक्यता तिपटीच्या आसपास निघाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७ च्या शिफारशीतही ओव्हरटाइम धरून दिवसाला बारा तासांचीच मर्यादा आहे. थकवा हा स्वभावदोष नाही हो.

शेवटच्या तासात काय सुरू करायचं नाही तेही ठरवा. जे ड्रेसिंग अर्ध्यात सोडता येत नाही, ते सुरू करण्याआधी घड्याळ बघा. राहिलं तर ओव्हरमध्ये सरळ सांगा, "सिस्टर, सातचं ड्रेसिंग राहिलंय, सामान ट्रॉलीवर काढून ठेवलंय." रिलीव्हर तोंड वाकडं करेल. करू द्या. तिचंही काहीतरी राहील तेव्हा तुम्ही कटकट न करता घ्या.