शेती-संग्रहालयासाठी लोकांची मदत घेताना या चुका टाळा

इंदूरच्या आसपासच्या गावांत आणि शहरातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून पुष्कळ तिफणी, वखर, मोटेची चाकं, कणग्या आणि पायल्या पडून आहेत. गावातलं छोटं शेती-संग्रहालय नीट करायचं ठरलं आणि समाजाच्या ग्रुपवर एक आवाहन गेलं, की आठ दिवसांत अंगण भरतं. अडचण इथूनच सुरू होते. वस्तू येतात, पण ठेवायला कोरडी जागा नसते, नोंदवायला वही नसते आणि काय घ्यायचं, काय नाही, हेही ठरलेलं नसतं. आधी छप्पर, मग वही आणि शेवटी आवाहन, असा क्रम ठेवा. पुढच्या बऱ्याच चुका हा क्रम उलटल्यामुळे होतात.

जे येईल ते घेणं

माणूस प्रेमानं वस्तू घेऊन आला की नाही म्हणवत नाही. मग एकाच घडणीचे सात वखर जमतात आणि साधी पाभर मात्र एकही नसते. म्हणून एका पानाचा नियम आधीच लिहा: कोणता भाग, कोणता काळ, एका प्रकारचे किती नग. उदाहरणार्थ, माळव्यातली बैलशक्तीची शेती, ट्रॅक्टर येईपर्यंतचा काळ, एका अवजाराचे जास्तीत जास्त तीन नग. एक मांडणीला, एक साठ्यात आणि एक मुलांना हाताळायला. तिसरा नग चैन म्हणून ठेवलेला नाही. हात लावायला काहीच नसलं की मुलं मांडलेल्या वस्तूलाच हात लावतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

जी वस्तू घेता येत नाही तिचा फोटो, मापं आणि मालकाच्या घरची माहिती जरूर घ्या. नोंद संग्रहात राहते, वस्तू घरी राहते, आणि देणाऱ्याचा मानही राहतो.

कागदाशिवाय घेतलेली वस्तू

आज काका नांगर देतात आणि दहा वर्षांनी पुतण्या तो मागायला येतो. दोन कागद लागतात. वस्तू दारात आली त्या दिवशी तात्पुरती पावती, आणि ती ठेवायची असं ठरलं की दानपत्र. वस्तू एकत्र कुटुंबाची असेल तर दानपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. 'कायम दर्शनी भागात मांडू' असं लेखी किंवा तोंडी वचन देऊ नका, कारण मांडणी बदलावी लागतेच. उसनी दिलेली वस्तू असेल तर मुदत एक वर्ष ठेवा आणि दर वर्षी लेखी वाढवा. वस्तूंबरोबर मोडीतले सारापट्टीचे कागद येत असतील तर जास्त जपा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात महत्त्वाची हस्तलिखितं ७५ वर्षांनंतर आणि इतर वस्तू १०० वर्षांनंतर पुरावस्तू ठरतात.

जुन्या संग्रहात आधीच बेनामी वस्तू असतील तर त्यांना वेगळी मालिका द्या, 'मूळ मालक माहीत नाही' असं स्पष्ट लिहा आणि अंदाजानं कुणाचंही नाव घालू नका.

क्रमांक तीन भागांत द्या: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, देणगीतली कितवी वस्तू, म्हणजे २०२६.७.३. हा क्रमांक ऑइलपेंटनं दर्शनी बाजूला रंगवू नका, स्टिकरही लावू नका. पेंट लाकडात मुरतो. स्टिकर एका पावसाळ्यात गळून पडतो आणि त्याचा गोंद मात्र लाकडावर राहतो. गुळगुळीत लाकडावर किंवा लोखंडावर, न दिसणाऱ्या जागी, ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा (हे पारदर्शक ॲक्रिलिक राळेसारखं द्रव्य) बोटभर पट्टा द्या. तो वाळल्यावर काळ्या पक्क्या शाईनं क्रमांक लिहा आणि वर पुन्हा एक हात द्या. पुढे काढायचा झाला तर ॲसिटोननं निघतो. खडबडीत लाकूड, दोर आणि टोपल्या यांना सुती फितीचा टॅग बांधा. वही बांधीव आणि पानांवर क्रमांक छापलेली असावी. दर महिन्याला तिची स्कॅन प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

फक्त आपल्या शब्दांत लिहिलेल्या पाट्या

इंदूरच्या रामबागेतली मराठी मंडळी पाटी लिहायला बसली की 'कोळपे', 'मोट', 'जाते' लिहून मोकळी होतात. पण ज्या शेतकऱ्यानं ते कोळपं चालवलं तो त्याला डोरा म्हणतो. मोटेला चड़स, जात्याला घट्टी, सुपाला सूपड़ा, वखराला बक्खर. देणाऱ्याच्या तोंडचं माळवी नाव पहिल्या ओळीत, मग मराठी आणि हिंदी, असा क्रम ठेवा. गावातली माणसं संग्रहालयाला आपलं मानतील की नाही, हे बरंचसं या पहिल्या ओळीवर ठरतं.

वस्तू घेताना मोबाइलवर दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि पाच प्रश्न चुकवू नका: कुणी घडवलं, लाकूड कोणतं, कोणत्या पिकाला वापरलं, किती बैल लागत, शेवटचं कधी चाललं. तिफणीच्या चाड्यातून बी किती जाडीनं सोडायचं हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. रंगरंगोटी पुढच्या वर्षीही होईल. हे काम आधी करा.

स्वच्छतेच्या नावाखाली होणारं नुकसान

सर्वांत मोठी हानी वाळवीपेक्षाही उत्साही हातांनी होते. रविवारी वीस स्वयंसेवक येतात, पाण्याची नळी लावून अवजारं धुतात, लोखंड पॉलिश पेपरनं चकाकवतात आणि वरून व्हार्निश मारतात. हातांनी झिजलेली मूठ, लोहाराची खूण आणि फाळाची झीज त्यात पुसली जाते. व्हार्निशखाली ओल अडकते ती वेगळीच.

लाकडासाठी मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं एवढं बहुतेक वेळा पुरतं. घट्ट माती असेल तर बांबूच्या काडीनं काढा. जवसाचं किंवा कडुनिंबाचं तेल लावू नका. चालत्या गाडीला शेतकरी तेल देत तेव्हा ती रोज घासली-पुसली जात होती. उभ्या वस्तूवर तेच तेल चिकट होतं, धूळ धरतं, काळं पडतं आणि पुढे सहज निघत नाही. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो, हा धोका फार थोड्यांना माहीत असतो.

लोखंडाला ॲसिडचं गंजनाशक लावू नका. ते लाकूड आणि लोखंडाच्या सांध्यात शिरतं आणि महिन्याभरात तिथूनच नवा गंज येतो. सुटा गंज ब्रशनं काढा आणि अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलनं हलक्या हातानं पुसा. मग हेअर ड्रायरनं लोखंड कोमट करा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, थंड झाल्यावर सुती कापडानं घासा. मेण पांढरट दिसलं तर थर जाड झाला. पुन्हा गरम करून पुसून घ्या.

चामड्याच्या मोटेला तेल पाजून ती मऊ होत नाही. तिला घडी घालू नका. आत धुतलेल्या, बिनरंगाच्या सुती कापडाचे बोळे भरून मूळ आकार द्या आणि आडवी ठेवा.

बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात सैल होतं. मे महिन्यात इंदूरची दुपारची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते, लाकूड आकसतं आणि लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी, निसटू लागते. पाचर ठोकू नका आणि चाक भिजत घालू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की पाचरीच्या जागी पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे, फुटतात. आसाखाली लाकडी घोडी लावून चाकं जमिनीपासून दोन बोटं वर उचला, म्हणजे आऱ्यांवर भार राहत नाही. धाव सुती फितीनं चार ठिकाणी बांधून ठेवा.

कीड आहे की जुनी भोकं?

भोकं दिसली की लगेच औषध मारू नका. वस्तूखाली काळा कागद पसरून दोन आठवडे थांबा. कागदावर ताजं पिवळसर पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. वस्तू लहान असेल तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करा आणि उणे २० अंशांवर एक आठवडा ठेवा. डीप फ्रीझर उणे १८ चाच असेल तर दोन आठवडे. काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. इथे समाजाची खरी मदत होते. आइस्क्रीमवाल्याचा रिकामा फ्रीझर थंडीच्या महिन्यांत उसना मिळू शकतो, तेव्हा मोठ्या यंत्राचा खर्च करायची गरज नाही.

जुने फवारे, धुरळणीची यंत्रं आणि बियाण्याचे डबे मात्र स्वयंसेवकांना उघडायला देऊ नका. त्यांत डीडीटी, बीएचसी ही जुनी कीटकनाशकं किंवा पाऱ्याच्या औषधाचे अंश असू शकतात. नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा, डबा सीलबंद करा, वर 'विषारी' लिहा आणि मुलांच्या हाताळणीच्या खोलीपासून दूर ठेवा.

पैसा इमारतीत, पाणी पायात

देणगी आली की आधी कमान आणि ग्रॅनाइटची पाटी होते. इकडे काळ्या मातीवरचा पाया उन्हाळ्यात भेगाळतो, पावसाळ्यात फुगतो आणि भिंत तडकते. पावसाचं पाणी पायाजवळ जिरू देऊ नका. छपराला पन्हळ बसवा आणि भिंतीभोवती एक मीटर रुंद, बाहेर उतार असलेला पट्टा करा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरतो, कारण आतली ओल बाहेर पडत नाही. तो काढून चुन्याचा गिलावा करा. वस्तू जमिनीपासून १५ आणि भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी वेळेत दिसते.

एक स्वस्त आर्द्रतामापक घ्या, पण आधी तपासा. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ भरून मापकासह हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा, जितका फरक तितका पुढच्या वाचनात धरा. ६५ टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीचा धोका. तेव्हा पंखे चालू ठेवा, खिडक्या मात्र पावसात बंद. फक्त भेटीच्या वेळेत एसी लावणं सर्वांत वाईट, कारण रोजचा चढउतार लाकूड फोडतो.

देणगीचा हिशेब

कुणाच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही घेऊ नका. मध्य प्रदेशात १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्यानं संस्था किंवा १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्यानं न्यास नोंदवून खातं उघडा. देणगीवरची, ८०-जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत हवी असलेल्यांकडून २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घेऊ नका, त्यावर सवलत मिळत नाही. वस्तूरूप देणगीवरही ती नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या इंदुरी मंडळींचा पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गानं देत असेल तर ती अडचण नाही.

'विकास निधी' म्हणून मागितलं की लोक एकदाच देतात. खिडकीची जाळी, एक रॅक, वर्षभराचं वीजबिल असे नग पाडून मागा आणि झालेल्या कामाचा फोटो त्याच देणाऱ्याला पाठवा.

स्वयंसेवक

एका रविवारी दहा वस्तू, त्याहून जास्त नाही. एकानं फोटो, एकानं वही, एकानं मापं, दोघांनी ब्रश. बाकीच्यांना संग्रहालयातल्या कंपोस्टच्या ढिगाकडे पाठवा.

इंदूर पद्धतीचा ढीग बिघडला तर

१९२४ ते १९३१ या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. १९३५ मध्ये गांधीजींनीही ती जागा पाहिली. इथल्या शेती-संग्रहालयात हा ढीग फलकावर दाखवणं आणि प्रत्यक्ष न करणं ही मोठी उणीव आहे. शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख एवढंच लागतं.

ढीग तापत नसेल तर तो लहान आहे किंवा कोरडा आहे. लांबी, रुंदी आणि उंची किमान एक मीटर हवी. आत पांढरी भुरी दिसली तर पाणी शिंपडून उलटा. आंबूस वास आणि माश्या आल्या तर पाणी जास्त झालं. वाळलेला पाला मिसळून लगेच उलटा. एरवी पंधरा दिवसांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी अशा तीन उलटण्या, आणि तीन महिन्यांत खत तयार. कंपोस्ट खड्ड्यात केलं असेल तर जून लागण्याआधी माल वर काढून जमिनीवर ढीग रचा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात खड्डा भरतो आणि सगळं सडतं.