आईचं न मागवलेलं पार्सल

मंगळवारी आईच्या फोनवर मेसेज आला: 'पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल गोदामात अडकले आहे, 48 तासांत लिंकवर पत्ता भरा.' खाली पोस्टाचं नाव. आईनं काहीच मागवलं नव्हतं, तरी बोट लिंकपाशी पोचलंच होतं!

पाठवणाऱ्याचा नंबर परदेशी होता, म्हणजे तिथेच कळायला हवं. पण खरी मेख लिंकमध्ये असते. पहिली एकेरी तिरपी रेघ (/) शोधा आणि तिच्या लगेच आधीचं वाचा. पोस्टाच्या साइटला तिथे 'इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन' असतं. आईच्या लिंकमध्ये सुरुवातीला इंडियापोस्ट होतं, शेवटी मात्र 'डॉट टॉप'.

पार्सलची वाट बघत असाल, तर पावतीवरचा नंबर स्वतः साइटवर टाका. स्पीड पोस्टचा 13 खुणांचा असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी 'आयएन'.

अशा लिंकवर भामटे मागतात वीस-पंचवीस रुपये, म्हणून माणूस फसतो. त्यांना हवा असतो कार्डाचा नंबर आणि ओटीपी. भरलाच असेल तर कार्ड लगेच ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, घरच्यांची बोलणी नंतर खा. मेसेज तेवढा पुसू नका, तक्रारीला लागतो. आईनं नेमका तोच आधी पुसला.