शीर चढली म्हणून पाय चोळू नका

कॅन्सर वॉर्डात "सिस्टर, शीर चढली होती, म्हणून चोळून घेतलं" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त, त्यात केमो आणि अंथरूण. अशा पेशंटचा एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर पायाच्या शिरेत गुठळी आहे का ते बघायला त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या.

अक्कलकोटकडचे एक काका होते. डावी पोटरी टम्म फुगलेली. गावात कुणाचा तरी 'हात चांगला' म्हणून रोज कोमट तेलानं मालिश चालू. मग एकदम दम लागला, तर घरच्यांनी ठरवलं, आजार वाढला, आता काय करायचं! दोन दिवस घरीच. सोलापूरला आणले तेव्हा ओठ निळे पडलेले. सीटी अँजिओत फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी दिसली. ती मालिशनंच सुटली का, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण पोटरीतली गुठळी वर सरकते ती अशीच. काका वाचले. अचानक लागलेला दम नेहमी कॅन्सरचाच नसतो, हे मात्र त्या घराला आता पाठ आहे.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे सूज उतरली की गोळी बंद. रक्त पातळ करणारं औषध निदान ३ ते ६ महिने चालतं, आणि कॅन्सर अंगात असेपर्यंत बहुतेकदा पुढेही. गोळी महाग पडते, मान्य. मग तसं डॉक्टरांना सांगा, पर्याय निघतो. गुपचूप एक दिवसाआड घेण्याची हुशारी नको.

रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्या, विठोबा रागावणार नाही.

रक्त पातळ करणारं इंजेक्शन असेल तर ते पोटावर, बेंबीपासून लांब. टोचल्यावर चोळायचं नाही. (इथंही चोळणारे भेटतात!)

मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणू नका, रक्तस्राव वाढतो.

फिटची फेनिटॉइन चालू असेल तर आधी सांगा, तिच्यामुळे रिव्हारोक्साबॅनसारख्या गोळ्यांचा असर कमी होतो.

थुंकीतून रक्त पडलं किंवा शौचाला काळं झालं, तर डोस घरी ठरवत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. येताना चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घाला.