डोम मिडरेंजचा क्रॉसओव्हर करताना या चुका टाळा

नांदेड असो की लातूर, घरी थ्री-वे स्पीकर (खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, असलेला) करणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, किती मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकू?" ड्रायव्हर कोणता, कॅबिनेट कसलं, काही सांगणार नाहीत. आकडा पाहिजे, तोही आजच. डोम मिडरेंज म्हणजे मधले सूर वाजवणारा घुमटाच्या आकाराचा ड्रायव्हर, आणि क्रॉसओव्हर म्हणजे ज्याचे सूर त्याच ड्रायव्हरला पोचवणारा फिल्टर.

सगळ्यात जास्त घात होतो तो चुंबकामागच्या लेबलमुळे. त्यावर ८ ओहम लिहिलेलं असतं, म्हणून सूत्रात ८ टाकतात. ५०० हर्ट्झच्या खालचे सूर कापायला एकच कपॅसिटर लावला तर उत्तर येतं साधारण ४० मायक्रोफॅरड. पण बऱ्याच डोम मिडरेंजचा रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला डोम आपोआप जास्त थरथरतो ती) ३०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यातच असतो आणि तिथं इम्पिडन्स, म्हणजे फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा रोध, २०-२५ ओहमपर्यंत चढू शकतो. २० ओहमच्या हिशेबाने तोच कपॅसिटर २०० हर्ट्झचा फिल्टर झाला!

जिंतूरकडचा एक मुलगा अशीच जोडी घेऊन आला होता. "आवाज डब्यातून आल्यासारखा यायलाय, दादा." फिल्टर कपॅसिटर-कॉइलचा, ५०० हर्ट्झचा, पुस्तकी ८ ओहमवर काढलेला. आवाज खटकला की हा डोमच्या सिरीजला आणखी एक रेझिस्टर जोडायचा. त्यानं दुखणं वाढतच गेलं, कारण सिरीजचा रेझिस्टर ८ ओहमवर जेवढं कापतो तेवढं २६ ओहमवर कापत नाही. मोजलं तर रेझोनन्स बरोबर ४०० हर्ट्झला, तिथं इम्पिडन्सचं शिखर २६ ओहमचं, आणि तिथं फिल्टरमधून बाहेर पडणारं व्होल्टेज आत जाणाऱ्यापेक्षा जास्त.

सगळे रेझिस्टर काढून फेकले. डोमला समांतर, एकामागे एक जोडलेल्या तीन भागांची जोडणी बसवली: २.६ मिलीहेन्रीची कॉइल, ४७ आणि १५ मिळून ६२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, आणि कॉइलचा स्वतःचा रोध धरून साडेआठ ओहमचा रेझिस्टर. शिखर बसलं. हे आकडे त्याच डोमचे आहेत, उचलून आपल्या डोमला लावू नका. साउंडकार्ड, एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्यात इम्पिडन्स घरी मोजता येतो. तेवढा धीर नसेल तर रेडिमेड स्पीकर घ्या, वाईट वाटून घेऊ नका.

क्रॉसओव्हर खाली ओढायचा मोहही तसलाच. त्याच आवाजासाठी फ्रिक्वेन्सी निम्मी केली की घुमटाला चौपट हलावं लागतं. बहुतेक डोमना मागे स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी नालीदार चकती) नसतो, मग घुमट सरळ न हलता डुलतो आणि त्याला चिकटलेली व्हॉइस कॉइल घासते. मी रेझोनन्सच्या दुपटीखाली सहसा जात नाही. खालचे सूर वाजवणारा वूफर तिथवर नीट पोचत नसेल तर वूफर बदलतो.

पोलॅरिटीवाला (प्लस-मायनस ठरलेला) साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिग्नलच्या वाटेत नको. नॉन-पोलर घ्या. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचाही चालतो, फक्त जागा खातो.

फिल्टरच्या दोन कॉइल शेजारी चिकटवू नका. लांब ठेवा, आणि एक उभी, एक आडवी.

डीजेची गाणी लावून मिडरेंज तपासणाऱ्यांना काय सांगावं! कीर्तनाचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. बुवांचा आवाज आणि टाळ दोन्ही नीट आले पाहिजेत.

शेवटी मिडरेंजच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडून माइकने मोजा. क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा पडला तर मूळ जोडणी बरोबर होती. खड्डा पडलाच नाही तर सोल्डरिंग गन खाली ठेवा आणि फेज, म्हणजे दोन ड्रायव्हरच्या लहरी एकमेकींशी जुळतात का, ते पुन्हा बघा.